एक्सेलमधला ‘स्टुडंट’

सम, ॲव्हरेज, इफ आणि फार तर व्हीलुकअप. एक्सेलशी आपली दोस्ती साधारण इथपर्यंत. सबमिशनच्या आठवड्यात मात्र ‘टीटेस्ट’ नावाचं फंक्शन रूमारूमांतून फिरायला लागतं. दोन कॉलम सिलेक्ट करा, मग २ टाका, मग ३ टाका, एंटर. जे येईल ते जर्नलमध्ये! आलेला आकडा म्हणजे ‘टी’ नव्हेच, ती प्रोबॅबिलिटी असते, हे ओरलला कळतं. हा टी कोणाचा, तर स्टुडंटचा. बहुतेकांना वाटतं, स्टुडंट म्हणजे आपणच. दोस्तांनो, या नावाने लिहिणारा एक माणूस खरोखर होऊन गेला आणि मला तो भलताच आवडतो.

त्याचं खरं नाव विल्यम सीली गॉसेट. जन्म १३ जून १८७६, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. ऑक्सफर्डला गणित आणि केमिस्ट्री शिकला आणि १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला लागला. गिनेस म्हणजे बिअरचा कारखाना. (संपादक मंडळाने हे वाक्य कापू नये, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.)

कारखान्याची अडचण आपल्या लॅबसारखीच होती. बार्लीचं कोणतं वाण चांगलं हे ठरवायचं, तर शेतात पेरून बघायचं, पीक येईपर्यंत थांबायचं, आणि शेवटी हातात आकडे येणार मोजकेच. त्या काळचं स्टॅटिस्टिक्स मात्र शेकड्याने रीडिंग असणाऱ्यांसाठी होतं. गॉसेटने १९०४ मध्ये कंपनीसाठी याच विषयावर एक रिपोर्ट लिहिला. मग कंपनीने त्याला १९०६-०७ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं. १९०७ चा त्याचा पहिला पेपर यीस्टच्या पेशी मोजण्यावर आहे. मायक्रोस्कोपखाली ४०० चौकोन, प्रत्येकात किती पेशी ते मोजायचं. आज ‘पॉयसन’ फंक्शन जे उत्तर देतं, तिथे तो असा पोचला.

पण खरं काम १९०८ चं. प्रश्न असा की चारच रीडिंग असतील तर त्यांच्या सरासरीवर किती विश्वास ठेवायचा? चार रीडिंगवरून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन स्वतःच डळमळीत असतं, मग नॉर्मल कर्व्हचा १.९६ तिथे चालेल कसा? गॉसेटने गणित मांडलं आणि ते तपासायला ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी घेतली. हे आकडे पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहून पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. आपण ‘रँड’ लिहून माउसने खाली ओढतो, त्याने पत्ते पिसले! झोपेच्या दोन औषधांचे १० रुग्णांवरचे आकडेही त्याच पेपरात आहेत. तेच रुग्ण, दोन्ही औषधं. टीटेस्टच्या चौथ्या जागी १ टाकायचा तो अशाच वेळी, कारण तिथे जोड्या असतात. सरसकट ३ टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता आपल्याकडचं उदाहरण. समजा काँक्रीटचे तीन क्यूब फोडले आणि २७, २९, ३१ अशी स्ट्रेंग्थ आली. सरासरी २९, एसटीडीईव्ही २. ‘कॉन्फिडन्स’ फंक्शनला ०.०५, २ आणि ३ दिलं की २.२६ मिळतात. म्हणजे खरी सरासरी साधारण २६.७ ते ३१.३. मागणी २५ ची असेल तर आपण निर्धास्त. पण हे फंक्शन नॉर्मल कर्व्ह वापरतं. ‘टीइन्व्ह’मध्ये ०.०५ आणि २ भरा (तीन क्यूब, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम दोन), तिथे १.९६ च्या जागी ४.३०३ येतं. मग पट्टा होतो २४.० ते ३४.०. क्यूब तेच, आकडे तेच, आणि २५ ची खात्री गेली. या फरकावर उद्या आपण स्लॅब उभे करणार आहोत. एक्सेल २०१० मध्ये ‘कॉन्फिडन्स.टी’ आलं, ते हा हिशेब थेट करतं. पण जुनं ‘कॉन्फिडन्स’ही चालू आहे.

आता नावाचं. कारखान्याची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून गिनेसमध्ये नोकरांना स्वतःच्या नावाने पेपर छापायला परवानगी नव्हती. म्हणून ‘स्टुडंट’. मोठमोठे आकडे हाताळणाऱ्या पिअर्सन यांना लहान सॅम्पलचं फारसं अप्रूप वाटलं नाही. दखल घेतली ती रोनाल्ड फिशर या केंब्रिजच्या पोराने. १९१२ मध्ये त्याने गॉसेटला पत्राने सिद्धता कळवली. गॉसेट एन ने भागत होता, फिशरने एन वजा एक आणलं. एसटीडीईव्ही आणि एसटीडीईव्हीपी अशी दोन फंक्शन्स का, याचं उत्तर त्यातच आहे. आजचं टी चं रूप फिशरच्या १९२५ च्या पुस्तकाने सगळीकडे पोचवलं. पिअर्सन आणि फिशर यांचं पुढे हाडवैर झालं, पण गॉसेटने दोघांशीही जमवून घेतलं. हे मला टी टेस्टपेक्षा अवघड वाटतं.

नोकरी त्याने जन्मभर एकच केली. १९३५ मध्ये तो लंडनच्या पार्क रॉयलला कंपनीच्या नव्या कारखान्यासाठी गेला. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, ६१ व्या वर्षी तो वारला. तोपर्यंत त्याच्या पेपरांवर नाव बहुतेक स्टुडंटचंच राहिलं.