कोळसा आणि औषधवाला

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की त्यात रानभेंडीचा चिकट रस सोडतात. मळी वर येते, ती काढली की गूळ पिवळाधमक उतरतो. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. द्रवातला मळ कसा काढावा, हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी रशियातल्या एका तरुण औषधवाल्यापुढे होता. त्याचे नाव टोबियास लोविट्झ.

त्याचा जन्म १७५७ चा, जर्मनीतल्या गॉटिंगेनचा. वडील खगोलशास्त्रज्ञ, नोकरीनिमित्त मुलाला घेऊन ते सेंट पीटर्सबर्गला आले. १७७४ मध्ये पुगाचेवच्या बंडखोरांनी त्यांना ठार मारले. सतरा वर्षांचा टोबियास कसाबसा बचावला. या पोरक्या मुलाला पुढे राजदरबारच्या औषधशाळेने आसरा दिला.

१७८५ साली तिथेच तो टार्टारिक आम्लाचे स्फटिक करीत होता. द्रावण काही केल्या स्वच्छ राहीना, तपकिरी पडे. कोळशाच्या भुकटीने तो रंग नाहीसा झाला. दुसरा कोणी समाधानाने पुढच्या कामाला लागला असता. लोविट्झने मात्र हाताला येईल त्या द्रवात कोळसा घालून पाहिला. दारूचा उग्र दर्प गेला, नासलेल्या पाण्याची घाण गेली. जहाजावरच्या पिंपांतले पाणी टिकवायची वाट सापडली. १७९३ मध्ये तो अकादमीचा सभासद झाला.

संसारात मात्र सुख नव्हते. पत्नी गेली, मुले गेली. काचेवर पडून डावा हात निकामी झाला. तरी त्याने प्रयोगशाळा सोडली नाही. १८०४ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

कोळसा हे करतो कसे? त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. वाफेने नीट तयार केलेल्या एक ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. अशुद्ध कण त्यालाच चिकटून बसतात.

आज त्याची गरज वेगळ्याच कारणाने पडली आहे. आपण घेतलेल्या गोळीचा काही अंश शरीराबाहेर पडून गटारात जातो आणि नेहमीच्या सांडपाणी केंद्रातून बराचसा तसाच निसटतो. वेदनाशामक डायक्लोफिनॅक त्यातलेच. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांवर ओझोन किंवा कोळसा वापरून ही द्रव्ये काढण्याचा कायदा लागू केला. उसाच्या चिपाडापासूनही असा कोळसा करता येतो, आणि चिपाडाला आपल्याकडे तोटा नाही. पण कोळसा फुकट राबत नाही. छिद्रे भरली की तो बदलावा लागतो किंवा पुन्हा तापवावा लागतो. शिवाय काही औषधे त्याला नीट चिकटतही नाहीत.

औषधशाळेत सापडलेला कोळसा आज औषधांचाच मळ काढतो आहे. त्याचे ओझे थोडे हलके करणे आपल्याही हाती आहे. मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकण्यापूर्वी एवढे आठवावे, की पंचगंगेच्या काठी आपल्या खालच्या अंगालाही गावे आहेत आणि तिथेही घागरी भरल्या जातात.