हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (जन्म : पारोळे, खानदेश, ८ मार्च १८६४, मृत्यू : पुणे, ३ मार्च १९१९) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, नाटककार व संपादक होते. हरिभाऊ या नावाने ते परिचित होते. मराठी सामाजिक कादंबरीला त्यांनी वास्तवाचे अधिष्ठान दिले.

जीवन

हरिभाऊ चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या एकत्र कुटुंबात वाढले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांचा सहवास लाभला. महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. मात्र पदवी मिळविली नाही. महादेव चिमणाजींनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था पुढे त्यांच्याकडे आली. १८९० मध्ये त्यांनी करमणूक हे साप्ताहिक सुरू केले. ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

कादंबरीतील स्त्री व कुटुंब

विधवांच्या दुःस्थितीचा विषय बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत आला होता. तेथे लेखकाचा धर्मप्रचाराचा हेतू उघड दिसतो. त्यानंतरच्या काळात मराठी कादंबरी मुख्यतः अद्भुतरम्य कथानकांत रमली. हरिभाऊंनी मधली स्थिती (१८८५) या पहिल्या कादंबरीपासून तिला समकालीन पांढरपेशा घरात आणले.

पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी करमणूकमधून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू ही ब्राह्मण कुटुंबातील मुलगी स्वतःच आपली कहाणी सांगते. माहेरी मुलगा व मुलगी यांना मिळणारी वेगळी वागणूक, लहान वयातील विवाह, सासरचा जाच आणि मैत्रीण दुर्गीचा दुःखी संसार हे सारे तिच्याच नजरेतून वाचकासमोर येते. पती रघुनाथराव तिला लिहावाचावयास प्रोत्साहन देतो आणि मुंबईच्या वास्तव्यात तिच्या व्यक्तित्वाला आकार येऊ लागतो. परंतु हे स्वातंत्र्य पतीच्या हयातीपुरतेच ठरते. त्याच्या मृत्यूनंतर घरातील वडीलधारी माणसे बळजबरीने तिचे केशवपन करवितात. शिक्षणाने आलेले आत्मभान तिला दुःख ओळखण्याचे सामर्थ्य देते. त्यातून सुटण्याचा अधिकार मात्र तिच्या हाती नसतो.

विधवाविवाहास १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात तीव्र वाद झाला होता. या पार्श्वभूमीवर, रूढी कोणा एका दुष्टामुळे नव्हे तर घरातल्याच संस्कारांमुळे टिकतात, हे कादंबरीने दाखविले. मी या कादंबरीत हरिभाऊंनी समाजसेवेस वाहून घेतलेल्या तरुणाचे चित्र रेखाटले.

अन्य लेखन

उषःकाल, गड आला पण सिंह गेला, वज्राघात या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या लोकप्रिय ठरल्या. त्यांच्या लघुकथा स्फुट गोष्टी या नावाने संग्रहित झाल्या असून मराठी लघुकथेच्या जडणघडणीत त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.