गोळी बनवणं सोपं, रसायन बनवणं अवघड: सिप्लावाल्या हमीदांची गोष्ट

हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठल्याही मेडिकलवर जा. सिप्ला हे नाव एखाद्या तरी स्ट्रिपवर दिसेलच. हे कुणाचं आडनाव नाही. केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज या लांबलचक नावाचं ते छोटं रूप आहे. कंपनी काढणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद १९७२ मध्ये वारले. पण आज अँटिव्हायरल औषधांबद्दल बोलताना फ्लो केमिस्ट्री हा जो शब्द कानावर येतो, त्यामागचा प्रश्न हमीदांनी आयुष्यभर सोडवायचा प्रयत्न केला. तो प्रश्न असा: औषधाचं मूळ रसायन आपल्याला स्वतः बनवता येतं का?

अलिगड ते बर्लिन

हमीदांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ चा, अलिगडचा. कॉलेजच्या वयात असहकार चळवळ सुरू झाली आणि ते तिच्यात उतरले. १९२० मध्ये अलिगडला जामिया मिल्लिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींमध्ये ते होते. तिथे ते रसायनशास्त्र शिकवायचे.

१९२४ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी निघाले ते इंग्लंडला, पण पोचले जर्मनीत. त्या काळी रंग आणि औषधं बनवण्यात जर्मनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. बर्लिनमध्ये त्यांनी डॉक्टरेट केली. तिथेच त्यांची भेट ल्यूबा यांच्याशी झाली. त्या लिथुआनियाकडच्या ज्यू कुटुंबातल्या होत्या. दोघांनी लग्न केलं आणि पुढे संसार मुंबईत थाटला.

दोन लाखांची कंपनी

१९३५ मध्ये सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर सिप्ला सुरू झाली. १९३७ मध्ये पहिली औषधं बाजारात आली. तेव्हा देशात बहुतेक महत्त्वाची औषधं बाहेरून यायची. जुलै १९३९ मध्ये गांधीजी सिप्लात येऊन गेले आणि गरजेची औषधं इथेच बनवा असा आग्रह त्यांनी धरला. दोनच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. युद्धाने बाहेरून येणारा माल अडला, तशी सिप्ला १९४१ पासून सूक्ष्म रसायनं स्वतः बनवू लागली.

इथे एक फरक लक्षात घ्या. गोळी म्हणजे पावडर दाबून बनवलेली वस्तू. त्यात खरं काम करणारं जे रसायन असतं, त्याला एपीआय म्हणतात. ते एका झटक्यात तयार होत नाही. साध्या रसायनापासून पाच, दहा, कधी त्याहून जास्त पायऱ्या चढत जावं लागतं. मधल्या पायऱ्यांवरच्या रसायनांना इंटरमीडिएट म्हणतात. यातली एक पायरी जरी परदेशातून आणावी लागली, तरी अख्खं औषध तिथे अडकू शकतं. हमीदांना हे युद्धातच कळून चुकलं होतं.

पुण्याची लॅब आणि पेटंटचा कायदा

एकट्या कंपनीने हे जमणारं नव्हतं. त्यासाठी देशाची संशोधनाची यंत्रणा हवी होती. १९४२ मध्ये सीएसआयआर ही संस्था स्थापन झाली, तिच्या कारभारात हमीद शेवटपर्यंत होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कल्पना पुढे रेटणाऱ्यांतही ते होते. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात या लॅबचं, म्हणजे एनसीएलचं, उद्घाटन झालं.

इकडे सिप्लाही वाढत होती. १९६० मध्ये विक्रोळीचा कारखाना सुरू झाला. १९६८ मध्ये अँपिसिलिन हे अँटिबायोटिक देशात पहिल्यांदा सिप्लाने बनवलं.

२० एप्रिल १९७२ पासून नवा पेटंट कायदा लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर, असा हा कायदा. म्हणजे वेगळा रस्ता शोधा आणि तेच औषध बनवा. रसायनशास्त्र येणाऱ्यांसाठी दार उघडलं. जेमतेम दोन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, हमीद गेले.

ते गेल्यावर त्यांचं गणित जुळलं

१९८७ मध्ये अमेरिकेत एड्सवरच्या पहिल्या औषधाला, झिडोव्युडिनला, मंजुरी मिळाली. त्यालाच एझेडटी म्हणतात. ते प्रचंड महाग होतं. भारतात ते बनवण्याची पद्धत हैदराबादच्या आयआयसीटीत डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या टीमने बसवली आणि १९९३ मध्ये सिप्लाने औषध बाजारात आणलं. रामाराव त्याआधी पुण्याच्या एनसीएलमध्येच होते. हमीदांची दोन कामं, कंपनी आणि सरकारी लॅबचं जाळं, इथे एकत्र आली.

२००१ मध्ये हमीदांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी तीन एचआयव्ही औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा दर तेव्हा १०,००० डॉलरच्या पुढे होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आज हिंगोलीच्या पेशंटला ती फुकट मिळतात, त्यामागे ही सगळी साखळी आहे.

आता फ्लो केमिस्ट्री म्हणजे काय?

वसमतकडे हळद कशी शिजवतात, पाहिलंय ना? एक घाणा भरायचा, शिजवायचा, काढायचा, मग दुसरा. औषधाचे बहुतेक कारखाने असेच चालतात. हजारो लिटरच्या टाकीत सगळं ओतायचं, ढवळायचं, थांबायचं. ही बॅच पद्धत.

फ्लो म्हणजे रसवंती. एका बाजूने ऊस, लिंबू, आलं आत जातं आणि दुसऱ्या बाजूने रस येत राहतो. पंप दोन द्रावणं बारीक नळीत ढकलतात. ती एकत्र येतात, नळीतून जाताजाताच रिअॅक्शन होते आणि टोकाला तयार माल बाहेर पडतो.

हिशोब सोपा आहे. नळीत १० मिलिलिटर मावतं आणि प्रवाह मिनिटाला २ मिलिलिटर आहे, तर प्रत्येक थेंबाला आत ५ मिनिटं मिळतात. पण मशीन दिवसरात्र चाललं तर २४ तासांत जवळजवळ २.९ लिटर द्रावण बाहेर येतं. जास्त माल हवा? तशाच आणखी नळ्या जोडा.

मोठा फायदा सुरक्षेचा. एझेडटीच्या रेणूत अझाइड नावाचा गट असतो. तो जोडायच्या रसायनातून विषारी आणि स्फोटक वायू निघण्याचा धोका असतो. भरलेल्या टाकीत गडबड झाली तर मोठा अनर्थ. नळीत एका वेळी चमचाभरच माल असतो आणि बारीक नळीतून उष्णता पटकन बाहेर पडते.

२०१५ मध्ये बर्लिनशेजारच्या पोट्सडॅममधल्या शास्त्रज्ञांनी एफाव्हिरेंझ या एचआयव्ही औषधाचा रेणू अशा नळ्यांमधून फक्त तीन टप्प्यांत बनवून दाखवला. पुण्याच्या एनसीएलमध्ये डॉ. अमोल कुलकर्णी फ्लो रिअॅक्टरवर काम करतात. त्यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

मग सगळे कारखाने हे का वापरत नाहीत?

कारण नळी तुंबते. रिअॅक्शनमध्ये घट्ट कण तयार झाले की प्रवाह बंद. शिवाय एकाच टाकीत आज हे, उद्या ते औषध बनवता येतं. फ्लोची मांडणी मात्र बहुधा एकाच मालासाठी बसवलेली असते. म्हणून कारखान्यात काही पायऱ्या नळीत आणि बाकीच्या टाकीत, असा मधला मार्ग जास्त दिसतो.

पण गरज खरी आहे. आपण गोळ्या जगाला विकतो, आणि त्यांचं मूळ रसायन व इंटरमीडिएट मोठ्या प्रमाणात चीनमधून आणतो. २०२० मध्ये कोविड आला, पुरवठ्याची धास्ती बसली आणि सरकारने हा माल देशात बनवण्यासाठी ६,९४० कोटींची योजना आणली. १९३९ नंतर जी वेळ हमीदांवर आली होती, तीच पुन्हा आली.

थोडक्यात, गोळीवर आपलं नाव छापणं सोपं आहे. आतलं रसायन आपलं असेल तरच औषध आपलं. हमीदांनी त्यासाठी कंपनी काढली आणि सरकारी लॅबसाठी खटपट केली. टाकी असो की नळी, ते काम अजून संपलेलं नाही. केमिस्ट्री किंवा केमिकल इंजिनिअरिंग घ्यायचा विचार करत असाल, तर इथे तुमच्यासाठी भरपूर जागा आहे.