थोरल्या भावाचे काळे पाणी : बाबाराव सावरकर

सावरकर हे नाव उच्चारताच आपल्यासमोर विनायकराव उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु अंदमानच्या कारागृहात त्यांच्याही आधी पोहोचलेले त्यांचे ज्येष्ठ बंधू गणेश दामोदर तथा बाबाराव यांचे स्मरण क्वचितच होते. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

बाबारावांचा जन्म १३ जून १८७९ रोजी नाशिकजवळच्या भगूर या गावी झाला. आई राधाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. बाबारावांचा मूळ ओढा योगसाधनेकडे आणि संन्यासाकडे होता. प्रपंचात त्यांचे मन रमत नव्हते. पण १८९९ च्या प्लेगने वडील दामोदरपंतांना नेले. त्याच साथीत धाकटा नारायण आणि त्याची शुश्रूषा करणारे स्वतः बाबारावही सापडले. दोघे वाचले खरे, परंतु विसाव्या वर्षी सारा संसार बाबारावांच्या शिरावर आला. संन्यासाचा विचार तेथेच मागे पडला. स्वतःचे शिक्षण सोडून त्यांनी भावांना शिकविले. विनायकरावांच्या शिक्षणासाठी पत्नी यशोदाबाई, म्हणजे सर्वांच्या येसूवहिनी, यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. ज्याला घर सोडून जायचे होते त्यानेच घर धरून ठेवावे, यातच आम्हांस बाबारावांचा खरा स्वभाव दिसतो.

नाशिकच्या मित्रमेळ्यातून पुढे १९०४ साली अभिनव भारत ही संस्था उभी राहिली. विनायकराव १९०६ साली विलायतेस गेल्यावर येथील सारी जबाबदारी बाबारावांवर आली. भावाने लंडनहून पाठविलेले मॅझिनीचे मराठी चरित्र त्यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केले. येसूवहिनींनी स्त्रियांसाठी आत्मनिष्ठ युवती संघ काढला.

बाबारावांवर जो खटला झाला तो शस्त्राचा नव्हता, कवितांचा होता. अपंग असूनही ज्यांच्या पोवाड्यांनी नाशिक दुमदुमत असे, त्या कवी गोविंदांच्या कविता त्यांनी छापल्या होत्या. कविता देवादिकांच्या आणि इतिहासाच्या. पण सरकारला त्यांत राजाविरुद्ध युद्धाची चिथावणी दिसली. ८ जून १९०९ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ती कायम केली. या शिक्षेने चिडलेल्या तरुणांपैकी अनंत कान्हेरे याने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांस गोळी घातली. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे ठाण्यास फाशी गेले. त्या सुमारास तिघेही सावरकर बंधू अटकेत होते आणि घरी उरल्या होत्या केवळ स्त्रिया.

१९१० साली बाबाराव अंदमानात पोहोचले. तेथील कोलूला बैलाच्या जागी माणूस जुंपला जाई आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून द्यावे लागे. बाबारावांना अर्धशिशीचा जुना त्रास होता. डोके ठणकत असतानाही कोलू थांबत नसे. काम अपुरे पडले की हातकड्यांत उभे राहण्याची शिक्षा ठरलेली. १९११ साली विनायकराव त्याच कारागृहात आणले गेले. भाऊ मोकळा आहे आणि कार्य चालू आहे, हाच थोरल्याचा धीर होता. दोघांची ओझरती भेट झाली तेव्हा तो धीरही गेला. एका भिंतीआड असूनही त्यांना एकमेकांशी बोलण्याची मुभा नव्हती.

इकडे येसूवहिनी पतीच्या भेटीची परवानगी मागत राहिल्या. दहा वर्षे त्या वाट पाहत होत्या. १९१९ साली त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी नारायणराव अंदमानात भेटीस आले तेव्हा सोबत वहिनी नव्हत्या. ही वार्ता बाबारावांनी तुरुंगातच ऐकली. महायुद्धानंतरच्या शाही माफीत अनेक राजबंदी सुटले, हे दोघे बंधू मात्र सुटले नाहीत.

मे १९२१ मध्ये दोघांना हिंदुस्थानात आणून वेगवेगळ्या तुरुंगांत ठेवण्यात आले. बाबारावांचे शरीर पार खंगले होते. सप्टेंबर १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली ती मरणासन्न अवस्थेत. तेरा वर्षांपूर्वीचा धडधाकट गृहस्थ आप्तांना ओळखू येईना. तरीही ते त्यातून उठले. हिंदू संघटनेचे कार्य व ग्रंथलेखन हे त्यांच्या पुढील आयुष्याचे विषय. त्यांची काही मते आजही वादाची आहेत. आजार मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. १६ मार्च १९४५ रोजी सांगली येथे त्यांचे निधन झाले.