बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण शाळेत वाचली, व्याख्यानांतून ऐकली. म्हणून जिचे नाव विद्वानांत मोठे आहे, पण आपल्या माजघरापर्यंत पुरते पोहोचलेले नाही, अशा बाईंविषयी मी लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा वाचकांनी भाषेकडे न पाहता मजकुराकडे पाहावे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडात बुलढाणा येथे एका मराठा घराण्यात झाला. वऱ्हाड मुळात निजामाचा. १८५३ च्या करारात निजामाने तो इंग्रजांच्या कारभारात दिला. त्याच करारात आपला धाराशिवचा मुलूखही गेला होता. तो १८६० मध्ये निजामाकडे परत आला, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. तेव्हा ताराबाई काही परमुलखातल्या नव्हेत, शेजारच्याच म्हणायच्या.

त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या समाजाच्या विचाराचे ते होते. ताराबाई ही त्यांची एकुलती एक मुलगी. त्या भागात तेव्हा मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ज्या काळी बाईच्या हाती कागद दिसला तर शेजारीपाजारी कुजबूज व्हायची, त्या काळी या बापाने मुलीला तीन भाषा वाचावयास शिकविल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे ताराबाईंचे लग्न लहानपणीच झाले. पण बापूजींनी घरजावई केला, त्यामुळे त्या माहेरच्याच घरी राहिल्या. त्यांना मूलबाळ झाले नाही.

त्यांच्या घरगुती आयुष्याची याहून फारशी हकीकत मिळत नाही. त्यांचे खरे चरित्र म्हणजे त्यांचे एकच पुस्तक. ते कसे घडले ते सांगते.

१८८१ मध्ये सुरतेकडे एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. नवरा गेल्यावर तिला दिवस राहिले. लोकलाजेच्या भीतीने तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला. कोर्टाने तिला फाशीची शिक्षा सांगितली. पुढे अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली व ती नंतर आणखी कमी झाली. त्या वेळच्या वर्तमानपत्रांना हा विषय चांगलाच सापडला. पुण्याचे ‘पुणे वैभव’ हे जुन्या मताचे पत्र होते. त्याने या निमित्ताने साऱ्याच बायकांच्या चालचलणुकीवर चिखल उडविला. बायका बिघडल्या, नव्या वाऱ्याने वाहावल्या, असा त्याचा सूर होता.

हे वाचून बुलढाण्यास घरात बसलेल्या ताराबाईंना राग आला. विजयालक्ष्मीने केले ते बरे केले, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा सवाल निराळाच होता. त्या मुलाला आई होती, तसा बापही असलाच पाहिजे. मग तो कुठे आहे? कोर्टात तो उभा नाही, वर्तमानपत्रात त्याचे नाव नाही, गावात त्याला कोणी बोट दाखवीत नाही. पाप दोघांचे असेल तर फास एकीच्याच गळ्यात का?

या रागातून १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे लहानसे पुस्तक निघाले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या. किंमत नऊ आणे. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला तो याच वर्षी.

पुस्तकाचे नाव आहे तीच त्याची रीत. ताराबाई दोन पारडी घेतात. एकात बाई, दुसऱ्यात पुरुष. वजन मात्र दोघांना एकच लावायचे, हा त्यांचा हट्ट. जुन्या संस्कृत श्लोकांत बायकांच्या दुर्गुणांची यादी आहे. बाई कपटी, बाई धाडसी, बाई संशयाचे घर, अशी ती यादी. ताराबाई त्यातला एकेक दुर्गुण उचलतात, पुरुषाच्या पारड्यात टाकतात आणि विचारतात की आता कोणते पारडे खाली गेले ते सांगा. देवादिकांच्या व ऋषींच्या कथांनाही त्या सोडत नाहीत. त्या काळच्या कादंबऱ्यांत व नाटकांत बायकांची जी चित्रे काढली, त्यांचाही त्या समाचार घेतात.

विधवेचे प्रकरण त्यांनी फार पोटतिडकीने लिहिले आहे. बायको मेली की पुरुष लगोलग दुसरी मुलगी पाहावयास मोकळा, मग तो साठीचा का असेना. नवरा मेला की बाईचे केस गेले, कुंकू गेले, शुभकार्यात तिचे तोंड पाहणे अशुभ झाले. बायको मेल्यावर पुरुषानेही दाढीमिशा उतरून रानात जाऊन का बसू नये, असे त्या सरळ विचारतात. नवरा हा देव असे शास्त्र सांगते, तर त्या देवाने देवासारखे वागावयास नको का, हाही त्यांचा प्रश्न आहे. पुरुषांनी इंग्रजी पोशाख घातला, खाणेपिणे बदलले, तरी धर्म बुडत नाही. विधवेचे दुसरे लग्न म्हटले की तेवढाच कसा बुडतो? सभा भरवून स्त्रियांच्या उद्धाराची भाषणे करणाऱ्या आणि घरी येऊन काहीच न करणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी चिमटे काढले आहेत.

या साऱ्याच्या तळाशी त्यांचे एक म्हणणे आहे. शास्त्रे लिहिणारे पुरुष, कायदे करणारे पुरुष, पोथ्या सांगणारेही पुरुष. बाईला अक्षरापासून दूर ठेवले आणि तिच्या पाठीमागे तिचे नियम लिहिले. मग ते नियम कोणाच्या सोयीचे निघणार?

मी हे पुस्तक वाचनालयातून आणून वाचले. भाषा जुनी आहे, पण बाई दम न घेता समोर बसून बोलते आहे असे वाटते. आमच्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी बी.ए.ला समाजशास्त्र शिकते. तिने पाहिले आणि म्हणाली की काकू, हे तर आमच्या अभ्यासात आहे. त्यास जहाल स्त्रीवाद म्हणतात. तिने समजावून दिले ते माझ्या शब्दांत मांडते. काही विचारवंत म्हणाले की बाईला शिक्षण, मत आणि कायद्याचा आधार मिळाला की ती सुटेल. काही म्हणाले की गरिबी व मालकी गेली की ती सुटेल. जहाल विचाराच्या बायका म्हणाल्या की हे सगळे हवेच, पण रोगाचे मूळ त्याहून खोल आहे. पुरुषाची सत्ता राजवाड्यात व कचेरीत असते तशी ती घरातही असते. चुलीपाशी, अंथरुणात, बाळंतपणात, कोणाची लाज आणि कोणाची अब्रू हे ठरविण्यात ती असते. म्हणून मुळावरच घाव घातला पाहिजे. अमेरिकेत केट मिलेट नावाच्या बाईंचे याविषयीचे पुस्तक १९७० मध्ये निघाले आणि ते जगभर गाजले. ताराबाईंचे पुस्तक त्याच्या ८८ वर्षे आधीचे. त्यांच्याजवळ विद्यापीठ नव्हते आणि बायकांची चळवळही नव्हती. वर्तमानपत्र, पोथ्या आणि स्वतःचे डोळे, एवढ्यावर त्यांनी घरातली ही सत्ता ओळखली.

दोन्ही अगदी एकच, असे मात्र मी म्हणणार नाही. पश्चिमेकडील जहाल बायकांपैकी काही लग्न आणि कुटुंब मोडूनच टाकावे या मताच्या होत्या. ताराबाई घर मोडा म्हणत नाहीत. इंग्रजी राज्याविषयीही त्या चांगलेच बोलतात. त्यांना घर हवे आहे, पण तिथे न्याय दोघांना सारखा हवा.

पुस्तक निघाल्यावर त्याची वाहवा झाली नाही, टीकाच झाली. सुधारणेच्या गोष्टी करणाऱ्या काही मंडळींनीही नाके मुरडली. एका माणसाने मात्र त्यांची बाजू घेतली, ते म्हणजे जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा लेकीच्या मायेने उल्लेख केला व टीकाकारांना उत्तर दिले. विजयालक्ष्मीसारख्या बायकांचे दुःख जोतीरावांना आणि सावित्रीबाईंना नवे नव्हते. अशा विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे व मूल सुरक्षित ठेवावे म्हणून त्यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत.

ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळत नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून झाल्यावर त्यांची लेखणी थांबली. १९१० च्या सुमारास त्यांचा अंत झाला. पुस्तकही विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा ९३ वर्षे लोटली होती. पुढे १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन या विदुषींनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि बुलढाण्याच्या बाईचे नाव परदेशात पोहोचले. आज स्त्रीवादाचा अभ्यास करणारे कोणीही त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जात नाही.

भगिनींनो, चरित्र इथे संपले. पण ताराबाईंची तुलना अजून संपलेली नाही, म्हणून आणखी थोडे लिहिते.

विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. १९५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्काचा वाटा मिळाला. २००५ मध्ये लेकीलाही वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. केस कापणे तर केव्हाच गेले. तरी आपण प्रत्येकीने आपल्या गल्लीत बोटांवर मोजून पाहावे. बायको गेल्यावर किती जणांनी दुसरे लग्न केले, आणि नवरा गेल्यावर किती जणींचे झाले? आपल्या भागात दुष्काळ आणि कर्ज यांपायी नवऱ्याने जीव दिला आणि बाई तिशीतच मागे राहिली, अशी घरे थोडी नाहीत. ती रोजगाराला जाते, सासू-सासऱ्यांना सांभाळते, मुले शिकविते. गावच तिच्या कष्टाचे गोडवे गाते. आणि संक्रांतीचे हळदीकुंकू आले की तीच बाई घराचे दार लोटून बसते.

हे दार कोण लावते? इथे मला ताराबाईंच्या पुढे एक पाऊल टाकावेसे वाटते. त्यांनी पुरुषांना जाब विचारला, तो बरोबरच होता. पण हळदीकुंकवाला पुरुष येत नाहीत. तिथे बोलावणे आपण करतो, वाण आपण देतो, आणि कोणाला वगळायचे तेही आपणच ठरवितो. नियम पुरुषांनी लिहिले असतील, पण राखणीला आपण बसलो आहोत. मुळावर घाव घालायचा तर मुळाचा एक फाटा आपल्याच अंगणात आहे.

थोरल्या जाऊबाईंना वैधव्य आले त्यास आता अकरा वर्षे झाली. त्यांनीच शिकविलेली ती मुलगी उद्या बोहल्यावर उभी राहील. तिला पहिली हळद कोणी लावायची, यावर घरात आतापासूनच हलक्या आवाजात बोलणे होते. कोणी म्हणते मामी लावील, कोणी म्हणते धाकटी काकू, म्हणजे मी. ज्या आईने रात्रीचे शिवणकाम करून तिच्या कॉलेजची फी भरली, तिचे नाव कोणी काढत नाही. मी घरात स्पष्ट सांगितले आहे की आईच्या आधी माझा हात हळदीला लागणार नाही.

कोणी म्हणेल, हे देवाधर्माविरुद्ध आहे. तर आपल्या तुळजाभवानीचीच कथा आठवावी. कर्दम ऋषी वारले. त्यांची पत्नी अनुभूती हिच्या पदरी लहान मूल होते. ती मंदाकिनीच्या काठी तप करू लागली. कुकुर दैत्याने तिला त्रास दिला. तिने देवीचा धावा केला आणि देवी त्वरित धावून आली, म्हणून ती त्वरिता, तुरजा, तुळजा. ज्या देवीच्या नावाने आपण कुंकू लावतो, ती आपल्या डोंगरावर आली तीच मुळी एका विधवेच्या हाकेला. तिच्या नावाच्या कुंकवावाचून विधवेला परत पाठविणे कोणत्या धर्मात बसते?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे सांगितले. गावाने ठराव करावा तेव्हा करावा. आपल्या मंडळाला त्यासाठी सरपंचांची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून मंडळाच्या सभेपुढे माझी सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणात सुवासिनी हा शब्द नसावा, सर्व भगिनी असा असावा. नुसते आमंत्रण देऊन भागणार नाही. ज्या वर्षानुवर्षे आल्या नाहीत त्या एका चिठ्ठीने येणार नाहीत. दोघी-दोघींनी घरी जाऊन त्यांना हाताला धरून आणावे, आणि पहिले वाण त्यांच्यापैकी वयाने वडील असेल तिच्या हाती द्यावे. ज्यांना कुंकू लावून घ्यावयाचे नसेल त्यांच्यावर बळजबरी नको. पण लावावे की नाही, हे ज्याचे त्या बाईने ठरवावे, आपण नव्हे.

ताराबाईंची जयंती कोणत्या दिवशी करावी हे सांगता येत नाही, कारण जन्मतिथी उपलब्ध नाही. आपल्या हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांचे नाव घेतले तरी पुष्कळ झाले. सूचनेस अनुमोदन द्यावे, ही सर्व भगिनींना विनंती.