रघुनाथ धोंडो कर्वे : अपत्यसंख्येचा निर्णय कोणाचा?

घरात मुले किती असावीत हा प्रश्न मराठी समाजात दीर्घकाळ प्रश्न म्हणून उभाच राहिला नव्हता. मुले देवाची देणगी मानली जात. तो माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, निर्णयाचा विषय आहे असे मराठीत सातत्याने मांडणारे पहिले ठळक नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म 1882. आई राधाबाई 1891 मध्ये वारल्या. पुढे रघुनाथराव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी, हे लक्षात घेतले म्हणजे कर्वे काळाच्या मागे नव्हते, बरोबरीने चालत होते हे कळते. मिशनरी संस्थेला हे कार्य मानवणारे नव्हते. कार्य की नोकरी अशी निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. उभयतांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचे ठरवले. दोन, एक की शून्य, यांपैकी कोणताही आकडा आदर्श म्हणून इतरांवर लादण्यापेक्षा तो ज्याचा त्याने समजून ठरवावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ते तुटपुंज्या साधनांवर चालवले. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणारी स्त्री त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आहे. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल मात्र विरुद्ध गेला. 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तोही फेटाळला गेला.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. कर्व्यांचा शब्द ‘संततिनियमन’. 1952 मध्ये भारत सरकारने कार्यक्रम हाती घेतल्यावर रूढ झालेला शब्द ‘कुटुंबनियोजन’. पहिल्यात जननावरचा ताबा आहे, दुसऱ्यात कुटुंबाची आखणी. आणि आखणी म्हटली की आखणारा कोण, हा प्रश्न येतोच. पुढे शासनाने दोन-तीन मुलांचा आकडा भिंतींवर रंगवला. प्रस्तुत लेखकाच्या मते कर्व्यांचा प्रश्न त्या रंगाखाली झाकला गेला.

त्यांच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मासिक वाचणारा वर्ग शहरी व साक्षर होता. आशागडसारख्या डहाणू-तलासरी पट्ट्यातील पाड्यांपर्यंत तो शब्द पोचणे शक्य नव्हते. 1945 च्या उठावापर्यंत वेठबिगारीत अडकलेल्या वारली कुटुंबाला स्वतःच्या दिवसावरही हक्क नव्हता, आणि जे मूल जगेल की नाही याचीच खात्री नाही, त्याच्या घरात आकड्याची चर्चा कोण करणार? निवडीसाठी आधी जगण्याची हमी लागते. कर्व्यांच्या लेखनात हा धागा विरळ आहे.

14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वयोवृद्ध वडील तेव्हा हयात होते.