ताळा पाहणारा मास्तर : जॉर्ज सायमन ओहम

गणपती आले की विद्यानगरात मंडपांवर दिव्यांच्या माळा चढतात. जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, आणि कार्यकर्ते एकेक दिवा हलवून पाहत बसायचे. घरातला एक दिवा गेला तर बाकीचे मात्र जळत राहतात. ती माळ म्हणजे एकसर जोडणी, घरातले वायरिंग समांतर. हे गणित सोडवताना नातवंडे ज्याचे नाव घेतात, त्या ओहमची ही कहाणी.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे करणारे कारागीर. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या या माणसाने मुलांना घरीच गणित आणि विज्ञान शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. विद्यापीठात गेल्यावर तो नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या घसरगुंडीत रमला. वडील संतापले. शिक्षण अर्धवट सोडून १८०६ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये शिक्षक झाला. पुढे जिद्दीने अभ्यास करून १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली, तरी नशिबी शाळामास्तरकीच आली.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवत होता. शाळेत प्रयोगशाळा होती आणि हातात वडिलांचे कसब. तारेची लांबी वाढवली की विद्युतधारा किती घटते, हे त्याला मोजायचे होते. १८२५ मध्ये त्याने एक सूत्र छापले, ते चुकले. त्याच्या बॅटरीचा जोर मोजता मोजताच उतरत असे. मग पोगेनडॉर्फच्या सल्ल्याने त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. आता जोर स्थिर राहिला. सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत, त्याने एकामागून एक जोडून पाहिल्या.

तारेच्या लांबीत एक ठरावीक आकडा मिळवला की हिशेब बरोबर जुळे. तो आकडा म्हणजे उरलेल्या उपकरणाचा रोध. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, ती ही अशी. पण ओहम एवढ्यावर थांबला नाही. त्याने तापमानातला फरक बदलला. धारा बदलली, तो आकडा मात्र तसाच राहिला. ताळा जमला.

हीच सवय मुलांना लावावी. समजा ६ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले. गुणाकार १८, बेरीज ९, म्हणून परिणामी रोध २ ओहम. आता ताळा पाहा. १२ व्होल्ट दिले तर पहिल्यातून २ आणि दुसऱ्यातून ४, मिळून ६ अँपिअर धारा वाहील. १२ भागिले ६, उत्तर पुन्हा २. शिवाय समांतर जोडणीचे उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षाही लहानच यायला हवे. ते मोठे आले, तर गणित चुकले समजावे.

१८२७ मध्ये ओहमने हे सारे पुस्तकरूपाने मांडले. विद्यापीठात जागा मिळेल ही त्याची आशा होती. वाट्याला आली ती बरीचशी टीका आणि उपेक्षा. कोलोनची नोकरी सोडून बर्लिनमध्ये गणिताच्या शिकवण्यांवर त्याने वर्षे काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला तंत्रशाळेत जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले, तेव्हा कुठे जग जागे झाले. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककासाठी त्याचे नाव अधिकृतपणे स्वीकारले.

आपले छापलेले सूत्र चुकले हे कळल्यावर ओहम त्याला चिकटून बसला नाही. त्याने पुन्हा मोजले. पुढे जग नाही म्हणाले, तेव्हा मात्र तो डगमगला नाही, कारण ताळा जमलेला होता. यंदा मंडपावरचे दिवे लागतील तेव्हा घरातल्या मुलांना या मास्तराची गोष्ट जरूर सांगा.